डावा कौल

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वर्षातून एकदा तरी हा विषय निघतो, आणि तो श्रावणात निघतो. डबे उघडले जातात. कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार, कुणाची भगर, कुणाचा साबुदाणा, आणि मी आपली पोळीभाजी खात बसलेली. मग नव्याने बदलून आलेली एखादी बाई विचारते की तुमचा कुठलाच वार नाही का. जुन्या बाया एकमेकींकडे बघतात आणि त्यातली एक सांगून टाकते की या देव मानत नाहीत. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण तुम्ही तर गुरवाच्या ना?"

गुरवाची आहेच. बेंबळीच्या पलीकडे आमचं गाव, गावात भैरोबाचं देऊळ, आणि पूजेचा मान आमच्या घराकडे किती पिढ्यांपासून आहे ते अण्णांनाही सांगता येत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. 'गुरवाचं लक्ष निवदावर' असं लोक म्हणतात, ते काही खोटं नाही. निवदाच्या पोळ्यांवरच आम्ही दोघी बहिणी वाढलो. त्यामुळे हलवायाच्या पोरीने मी गोड खात नाही म्हणावं, तसं माझं बोलणं लोकांना विचित्र वाटतं.

इतकी वर्षं मी वेगवेगळी उत्तरं देत आले. विज्ञान शिकवते म्हणून, चार पुस्तकं वाचली म्हणून, काहीही. माझा नवराही देव मानत नाही, पण त्याचं कारण निव्वळ आळस. रविवारी सकाळी अंघोळ करून देवापुढे बसायला नको, एवढ्यासाठी तो नास्तिक झालाय, आणि हे तो स्वतःच हसत सांगतो. शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण बौद्ध घरातली. तिच्या आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले देव गाठोड्यात बांधले आणि नदीत सोडून आले. आजी त्या दिवशी जेवली नव्हती म्हणे. मैत्रीण म्हणते, आमच्यात ते काम आजोबांनीच उरकलं, मला सोडायला काही शिल्लकच ठेवलं नाही. तिचं हे शांत बोलणं ऐकलं की मला तिचा हेवा वाटतो. माझ्या बाबतीत कुणी आधी काही उरकून ठेवलं नव्हतं. माझं कारण माझ्याच हातून घडलं आणि ते मी एकतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

ते सांगायचं तर आधी कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची असली की भैरोबाला विचारतात. सोयरीक करायची का, विहीर कुठे पाडायची, ऑपरेशन करायचं की नाही. गुरव अंघोळ करून ओलेत्याने गाभाऱ्यात बसतो. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवतो, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कधी दहा मिनिटांत पडते, कधी अर्धा तास लागतो. एकदा दोन्ही पाकळ्या संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या होत्या, तेव्हा लोक म्हणाले, देव आज बोलत नाही. अण्णांची यात काडीइतकीही लबाडी नव्हती. पाकळी पडेपर्यंत ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत, इतका त्यांचा विश्वास होता.

मी सहा वर्षांची असताना आई गेली. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तेव्हापासून भाकरी तिने थापल्या, माझ्या वेण्या तिने घातल्या, आणि हे सगळं करून बेंबळीच्या शाळेत चालत जाऊन ती बारावीही झाली. नर्सिंगचा फॉर्म तिने कुणाला न विचारता भरला होता. एक दिवस सोलापूरहून पत्र आलं की तुमचा नंबर लागलाय, अमुक तारखेला हजर व्हा. ते पत्र तिने मला इतक्या वेळा वाचून दाखवलं की मला पाठ झालं होतं. कापसाच्या बोळ्याने माझ्या दंडावर खोटं खोटं इंजेक्शन द्यायची आणि विचारायची, दुखलं का गं.

अण्णा पेचात पडले. पोरगी हुशार आहे हे त्यांना दिसत होतं. पण घरात बाई नाही, धाकटी अकरा वर्षांची, आणि लग्नाच्या वयाची पोर परगावी एकटी ठेवायची म्हणजे गावाच्या तोंडाला कोण हात लावणार. पारावरच्या चार शहाण्यांनी चार सल्ले दिले. अण्णांनी आजवर स्वतःच्या घरासाठी कधी कौल लावला नव्हता. तो त्यांनी त्या वेळी लावायचं ठरवलं. अक्काला सोमवारी हजर व्हायचं होतं, कौल रविवारी.

रविवार हा भैरोबाच्या तेलाच्या अंघोळीचा दिवस. अण्णांनी ते काम मला सांगितलं. माझं वय लहान होतं म्हणून मला गाभाऱ्यात जायची परवानगी होती. देवाला तेल लावायचं, गरम पाण्याने न्हाऊ घालायचं, मग राख चोळून तेलकटपणा काढायचा आणि कोरड्या फडक्याने लख्ख पुसायचं. ते मला नीट येत होतं. अण्णा विहिरीवर अंघोळीला गेले. मी देवाची उजवी बाजू राखेने चोळून कोरडी केली. तेवढ्यात घरातून अक्काची हाक आली. घर देवळाला लागूनच. "धपाटी गरम हाईत, खाऊन जा, नंतर गर्दी झाल्यावर कुठं खाशील."

आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, आमच्याकडे भैरोबा. मी गेले. चुलीपुढे बसून दह्याबरोबर दोन धपाटी खाल्ली, तिसरं मागितलं. परत आले तर देवळात पंधरा-वीस माणसं जमली होती आणि अण्णा ओलेत्याने देवापुढे बसले होते. गाभाऱ्यात उजेड म्हणजे एक समई. त्यांनी दोन्ही पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा, पोरीला धाडायची आसंल तर उजवी दे. न्हाय तर डावी दे. तू सांगशील तसं करतो."

त्यांचं वाक्य संपतंय न संपतंय तोच डावी पाकळी घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

मग एक म्हातारे म्हणाले की इतका झटकन कौल त्यांनी जन्मात पाहिला नाही. दुसरे म्हणाले, देवानं लगोलग सांगितलं म्हणजे मनाई पक्की. अण्णांनी डोकं टेकलं. मी खांबाला टेकून उभी होते आणि तिथून मला देवाचा डावा खांदा दिसत होता. समईच्या उजेडात तो चकाकत होता. तेलावर ओली पाकळी कशी टिकणार? हे कळायला विज्ञान लागत नव्हतं, रोज भांडी घासणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

अक्का देवळाच्या दारात उभी होती. हाताला पीठ होतं. घरी जाऊन तिने ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं, हात जोडले, आणि "देवाच्या मनात न्हाय" एवढं म्हणून संध्याकाळच्या स्वैपाकाला लागली. त्या रात्रीपुरतं तरी ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली असेल तर मला दिसली नाही.

मी काहीच बोलले नाही. त्या दिवशी नाही, सोमवारी नाही, नंतर कधीच नाही.

सुरुवातीला मला देवाची भयंकर भीती वाटली. त्याला सगळं दिसतं असं अण्णा सांगायचे, म्हणजे त्याला माझं अर्धवट काम दिसलं असणार. तेल राहिलंय हे माहीत असताना त्याने पाकळी धरून का ठेवली नाही, हाही प्रश्न पडायचा, पण तो विचारायचं धाडस नव्हतं. मी शिक्षेची वाट बघत राहिले. ताप येईल, साप चावेल, सहामाहीत नापास होईन. झालं काय, तर मी वर्गात पहिली आले आणि अण्णांनी देवापुढे पेढे ठेवले. मी पेढ्यांकडे बघत होते आणि मला समजलं की या देवाला काहीही माहीत नाही. त्या वर्षात कधीतरी माझी भीती गेली. भीती गेली तशी मागे बाकी काही राहिलंच नाही. लोक म्हणतात की देवावरचा विश्वास दुःखामुळे उडतो. माझा पेढ्यांमुळे उडाला, आणि हे सांगायची मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी अक्काचं लग्न झालं, माकणीला. माणसं चांगली, जमीन धरणाखालची, भिजणारी. दोन मुलगे झाले, आणि बऱ्याच वर्षांनी शेंडेफळ म्हणून एक मुलगी. अक्का सुखात नाही असं म्हणता येणार नाही. पण सासूला इन्सुलिन टोचायची वेळ आली तेव्हा ती एकदा बघून शिकली, आणि मग गल्लीतल्या आणखी तीन बायका सकाळी तिच्याकडे येऊ लागल्या. कुणाचं ड्रेसिंग, कुणाच्या गोळ्यांचा हिशोब, बाळंतिणीचं दूध, सगळं तिच्याकडे. एकदा मी गेले असताना ती एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होती. तिचा चेहरा इतका शांत आणि लक्ष लागलेला होता की मी मागच्या मागे परसात निघून गेले. मंगळवार, पौर्णिमा, नवरात्र ती सगळं पाळते. भैरोबाला वर्षातून दोनदा येते. विषय निघालाच तर म्हणते, त्याच्या मनात नव्हतं, असेल काही त्यातही चांगलं. या एका वाक्यावर तिने आयुष्य तोलून धरलं होतं, आणि ते वाक्य तेलकट दगडावर उभं आहे हे फक्त मला माहीत होतं.

यंदा तिच्या मुलीचा नर्सिंगलाच नंबर लागला, आणि तोही सोलापुरात. पोरीने मला आधी फोन केला, नाचतच होती. दोन दिवसांनी अक्काचा फोन आला की येत्या रविवारी पोरीला घेऊन अण्णांकडे जाते, कौल लावायचाय. मी म्हटलं, कशाला, मार्क चांगले आहेत, पोरीची इच्छा आहे. तर म्हणाली, "इच्छा माझी पण व्हती. त्याला इचारल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाय. त्यानं न्हाय म्हनलं तवा म्या ऐकलंच की."

तीन दिवस मला नीट झोप नाही. एक सोपा मार्ग होता आणि तो मला पहिल्या तासातच सुचला होता. रविवारी लवकर गावी जायचं, थकलेल्या अण्णांना सांगायचं की आज देवाला मी न्हाऊ घालते, आणि या वेळी उजव्या खांद्यावर बोटभर तेल ठेवायचं. पोरगी सोलापूरला, अक्काचा देव शाबूत, मीही शाबूत. शाळेतल्या मैत्रिणीला मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं, हा बेतही सांगितला. तिने डबा बंद केला आणि म्हणाली, "म्हणजे तू देव मानत नाहीस ते खोटंच. तू त्याची जागा घेऊन बसली आहेस." मला राग आला. दोन तास मी तिच्याशी बोलले नाही. पण शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी गावची गाडी न धरता माकणीची धरली.

अक्का ओसरीवर मुगाच्या शेंगा फोडत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला अचानक आलेली बघून आधी घाबरली, अण्णांना काही झालं का म्हणाली. मी तिच्यासमोर बसले, शेंगा ओढल्या आणि फोडता फोडता सांगून टाकलं. अंघोळ, राख, उजवी बाजू, तिची हाक, धपाटी, चकाकणारा खांदा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकतीस वर्षं छातीवर बाळगलेली गोष्ट इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं.

मी तिच्या उत्तराची तयारी करून गेले होते. गावात अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत आहे. देवानंच तुझा हात अडवला, तेल राहावं ही त्याचीच इच्छा. मी हे ऐकलं की एरवी चिडते. त्या दिवशी मात्र अक्काने ते म्हणावं म्हणून मी आतून आसुसले होते. मी देव मानत नसले तरी तिच्या देवाने तेवढं ओझं उचलून घ्यावं, अशी माझी आशा होती.

ती ते म्हणाली नाही. हातातली शेंग तिने फोडली, दाणे सुपात टाकले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "धपाटी खायाला गेलीस आन तेल ऱ्हायलं. ते व्हतंय, लहान व्हतीस. पण पाकळी पडली तवा तुला दिसलं व्हतं. तवा का बोलली न्हाईस?"

या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःलाही कधी दिलं नव्हतं. अण्णा मारतील म्हणून, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, पण अण्णांनी मला जन्मात कधी मारलं नव्हतं आणि हे अक्काला माझ्याइतकंच ठाऊक होतं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं.

"तू जाऊ नयेस म्हणून," मी म्हटलं. "तू गेल्यावर मला कोण होतं?"

अक्काने सूप बाजूला सारलं. समोरच्या रस्त्याने शेळ्या गेल्या, त्यांच्या मागे एक म्हातारा गेला, त्याने अक्काला रामराम घातला, तिने मान हलवली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी देवानं न्हाय. तूच ठिवून घेतलंस मला." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. उठली, आत गेली, चहा करून आणला. मी चहा प्याले. निघताना तिने मला नेहमीसारखी शेंगांची पिशवी दिली, पण फाटकापर्यंत आली नाही.

रविवारी ती अण्णांकडे गेली नाही. अण्णांनी फोन केला, देवाला न विचारता पोर धाडू नये म्हणाले. तिने त्यांना एवढंच सांगितलं की या वेळी मी विचारणार नाही, मीच ठरवलंय. कारण सांगितलं नाही. माझं नावही काढलं नाही. अण्णा अजून मला विचारतात, तुझी अक्का देवावर का रुसली. मी गप्प बसते. त्यांचं वय पंच्याहत्तर आहे आणि एकाच घरात दोन माणसांचा देव काढून घेणं माझ्याच्याने होणार नाही.

त्यानंतर पाच आठवडे अक्काचा फोन नाही. मी केला तर भाचीच उचलायची, आई शेतात गेलीय म्हणायची. त्या दिवसांत मला देव हवासा वाटला, हे मी कबूल करते. कुणाच्या तरी पायांवर डोकं टेकवून चुकलं म्हणावं, आणि उठताना हलकं वाटावं, एवढ्यासाठी लोक त्याला धरून असतील तर मी त्यांना हसणार नाही. पण माझी चूक देवाशी झालेली नव्हती. ज्या माणसाशी झाली होती ते माकणीला होतं आणि फोन उचलत नव्हतं.

शेवटी परवाच्या गुरुवारी, मधल्या सुट्टीत, तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. सोमवारी पोरीला हॉस्टेलला सोडायचंय, गादी घ्यायची, बादली घ्यायची, फॉर्मवर पालकाची सही लागते. मी विचारलं, गाडी करून तिघी जाऊ का.

"न्हाय," अक्का म्हणाली. "सोडायला तू जा. म्या गेले तर मला माघारी येववायचं न्हाय."

मी ऑफिसात जाऊन सोमवारची रजा टाकली.